‘किमान एक’ म्हणताच चुकणारी मोजणी. ‘कॅट’च्या गणितातील एक सापळा

बंगळुरू : व्यवस्थापन शिक्षणाच्या प्रवेशासाठी होणाऱ्या ‘कॅट’ परीक्षेत निवडीच्या शक्यता मोजण्याचे प्रश्न थोडेच असतात, मात्र सूत्र पाठ असलेल्या उमेदवारांनाही ते चकवतात. बंगळुरूच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेने २७ नोव्हेंबर २०२२ रोजी घेतलेल्या या परीक्षेत गणिताच्या २२ प्रश्नांसाठी ४० मिनिटे होती. बरोबर उत्तराला तीन गुण आणि बहुपर्यायी प्रश्नातील चुकीच्या उत्तराला एक गुण वजा, असे तिचे गणित होते.

क्रम महत्त्वाचा आहे का, हे आधी ठरवावे लागते. दहा जणांतून अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार ७२० प्रकारे नेमता येतात. पदांविना तीन सदस्य निवडायचे तर केवळ १२० प्रकारे, कारण त्याच तिघांच्या सहा मांडण्या एकच समिती ठरतात.

खरी अडचण ‘किमान एक’ या शब्दांपाशी येते. सहा पुरुष आणि चार महिलांतून चौघांची समिती निवडायची असून तीत किमान एक महिला हवी, असे समजा. आधी एक महिला (४ प्रकारे) आणि मग उरलेल्या नऊ जणांतून तिघे (८४ प्रकारे) निवडले की उत्तर ३३६ येते. पद्धत निर्दोष वाटते. पण अट नसतानाही अशा समित्या २१०च होतात! दोन महिला असलेली समिती येथे दोनदा मोजली जाते, तीन असलेली तीनदा. सरळ मार्ग उलटा आहे : एकूण २१० मधून केवळ पुरुषांच्या १५ समित्या वजा केल्या की १९५ उरतात.

हे गणित याच भूमीत जुने आहे. कर्नाटकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, नवव्या शतकात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त निवडीचा सामान्य नियम दिला. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) सहा रसांच्या मिश्रणांचे उदाहरण आहे. एकेका रसापासून सहाही रसांपर्यंतची बेरीज ६३ होते. प्रत्येक रस घ्यायचा की नाही, या ६४ शक्यतांतून एकही रस नसलेली वगळली तरी तेच उत्तर मिळते.

पद्धतीविषयी शंका असल्यास आकडे लहान करून पाहता येतात. दोन पुरुष, दोन महिला आणि दोघांची समिती घेतल्यास किमान एक महिला असलेल्या जोड्या बोटांवर पाच मोजता येतात. चुकीची पद्धत सहा सांगते. या पडताळणीस अर्धा मिनिटही लागत नाही.