विसरता येईल असा पोशाख

गुड फ्रायडे २० मार्च ते २३ एप्रिल यांच्या दरम्यान कधीही येतो आणि अनेक चर्चमध्ये त्या दिवशी दुपारी बारा ते तीन अशी क्रुसावरच्या सात वचनांची उपासना असते. हे तीन तास वऱ्हाडात कसे जातात, ते बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. २०२४ च्या मे महिन्यात अकोल्याच्या जिल्हा प्रशासनाने चक्क उन्हापायी कलम १४४ लावलं होतं. शिकवणीवर्गांच्या वेळा बदलायला लावल्या, कामगारांना पाणी आणि पंखे द्या असं मालकांना बजावलं. एप्रिलचं ऊन त्याचंच धाकटं भावंड. अशा दुपारी बाकावर खेटून बसलेल्या बायकांकडे जरा बघावं. कूलरचा वारा पहिल्या दोन-तीन रांगांत संपतो. जॉर्जेटचा पदर डोक्यावर ठरत नाही, म्हणून एक हात सतत कानापाशी. अस्तर लावलेला सिंथेटिक ब्लाउज पाठीला चिकटलेला, तो दर पाच मिनिटांनी हळूच सोडवायचा. खांद्यावरची पिन सुटली की काय, म्हणून पुन्हा चाचपायचं. चौथ्या वचनापर्यंत जीव नुसता कपड्यांत अडकलेला असतो. हा पोशाख शालीन म्हणावा का? अंग पुरतं झाकलेलं आहे, बोट ठेवायला जागा नाही. तरीही माझं उत्तर ‘अर्धवट’ असंच राहील. चर्चला जाण्याचा पोशाख म्हणजे जागेवर बसल्यावर जो घालणारीला आणि शेजारणीला, दोघींनाही विसरता येतो तो. सोय आणि शालीनता या सवती असल्यासारखं आपण बोलतो. वऱ्हाडच्या हवेत तरी सोय नसेल तर शालीनता तासभरही टिकत नाही.

ही व्याख्या मनची काढलेली वाटू नये, म्हणून आधी शास्त्राकडे वळू. स्त्रियांच्या पोशाखाचा विषय निघाला की दोन ठिकाणं हमखास उघडली जातात: पौलाचं तीमथ्याला पहिलं पत्र, दुसरा अध्याय, आणि पेत्राचं पहिलं पत्र, तिसरा अध्याय. दोन्ही जागा शांतपणे वाचल्या तर एक गोष्ट चटकन लक्षात येते. तिथे जिन्नसांची नावं घेतली आहेत ती केसांच्या नक्षीदार गुंफणीची, सोन्याची, मोत्यांची, भारी कपड्यांची. बाहीची लांबी नाही, गळ्याची खोली नाही. रोख आहे तो श्रीमंतीच्या मिरवण्यावर. याकोबाच्या पत्रात तर प्रसंगच रंगवला आहे: सोन्याची अंगठी आणि झगझगीत कपडे घालून आलेल्याला मानाची जागा, मळक्या कपड्यांतल्या गरिबाला ‘तू तिकडे उभा राहा’. हा भेद करणाऱ्यांना तिथे चांगलंच सुनावलं आहे. म्हणजे जरीची सहा-सात हजारांची साडी नेसून आलेल्या बाईने साध्या कुर्त्यातल्या मुलीकडे नाक मुरडून बघावं, याला त्या पत्रांचा आधार मिळणं कठीण. उलट पत्रं तिच्यावरच उलटायची शक्यता जास्त. अंग झाकण्याचा मुद्दा गैरलागू आहे असं मी म्हणत नाही. मर्यादेचा शब्द पौलाने वापरलाच आहे. पण त्या मर्यादेत दिखाऊपणाला लगाम घालणंही येतं, आणि नेमका तेवढाच भाग आपल्याकडे सोयीने गळतो.

अंग झाकणं म्हणजे शालीनता हे समीकरणही वाटतं तितकं सरळ नाही. एकोणिसाव्या शतकात त्रावणकोरात नाडार बायकांनी, त्यांत ख्रिस्ती झालेल्या अनेकजणी होत्या, छाती झाकायला सुरुवात केली तेव्हा त्यांच्यावर हल्ले झाले. वरच्या जातींच्या दृष्टीने त्यांचं अंग झाकणं हाच उद्धटपणा होता. १८५९ साली त्यांना अधिकृत परवानगी मिळाली, तीही सवर्ण बायकांसारखं वस्त्र घ्यायचं नाही या अटीवर. पोशाखाच्या नियमामागे बरेचदा ‘आपली पायरी ओळखा’ हा हुकूम दडलेला असतो, याचं याहून उघडं उदाहरण सापडणार नाही. आपल्या मराठी मुलखात वसईच्या ख्रिस्ती बायका पिढ्यान्‌पिढ्या चौकड्यांचं तांबडं सुती लुगडं नेसून मिस्साला गेल्या. त्यांच्या भक्तीत कुणाला उणं दिसलं नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात वाँटेज इथे झाला. तिथल्या सिस्टरांशी त्यांचा वाद झाला तो गळ्यातल्या क्रुसावरच्या लॅटिन अक्षरांवरून. लॅटिनच का, आपली संस्कृत का चालू नये, असा त्यांचा सवाल होता. पुढे केडगावला मुक्ती मिशन उभारणाऱ्या या बाईचा वेश पांढऱ्या सुती वस्त्राचा. श्रद्धा बाहेरून आली म्हणून वेशही बाहेरून आणावा लागत नाही, हे या मंडळींनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ओळखलं होतं.

आता वऱ्हाडातली मांडणी. इथे एकच एक ‘चर्च’ नाही. कॅथलिकांचा अमरावती धर्मप्रांत १९५५ साली झाला. अकोला, खामगाव भागात अलायन्स मिशनच्या मंडळ्या जुन्या. वाशीम-बुलढाण्याकडे नाझरीन; वाशीमचं रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल त्यांचंच. प्रत्येकाची वळणं निराळी. नाझरीनांच्या नियमावलीत पोशाखातल्या साधेपणाचा उल्लेखच आहे. कॅथलिकांत १९१७ च्या धर्मसंहितेने स्त्रियांनी चर्चमध्ये डोकं झाकावं असं कलम घातलं होतं. १९८३ च्या नव्या संहितेत ते राहिलं नाही. तरी प्रार्थना सुरू झाली की पदर आपसूक डोक्यावर येतो, कारण तो कलमातून आलेलाच नव्हता. घरात वडीलधाऱ्यांसमोर, देवापुढे पदर घ्यायची या मातीतली रीत आहे ती. डोक्यावर घ्यावं की नाही, यावर मी निवाडा देणार नाही; पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पत्रातल्या डोकं झाकण्याच्या ओळींचा अर्थ लावताना विद्वानांचंही एकमत नाही. पण घ्यायचंच असेल तर सुती ओढणी किंवा सुती पदर घ्यावा. सुताला केसांवर पकड असते, तो बसतो. गुळगुळीत जॉर्जेट घसरतं आणि मग प्रार्थना कानामागे राहते. दुसरी गोष्ट उठण्याबसण्याची. १९६९ साली रोमने भारतातल्या कॅथलिक उपासनेसाठी बारा भारतीय रीती मान्य केल्या. पादत्राणं बाहेर काढणं, जमिनीवर मांडी घालून बसणं त्यांतलंच. खेड्यातल्या उपासनेत तर सतरंजी हेच आसन. शिवाय गुडघे टेकणं, हात वर करून गाणं, कडेवर लेकरू घेऊन प्रभुभोजनाच्या रांगेत उभं राहणं. एवढ्या सगळ्या हालचाली ज्या कपड्यात बिनघोर होतात, तोच चर्चचा कपडा. आरशासमोर ताठ उभं राहून यातलं काहीच कळत नाही. दुकानाच्या ट्रायल रूममध्ये एकदा हात पूर्ण वर करा, एकदा वाका, एकदा खाली बसा. मुंढा सैल असेल तर बगलेतून आतलं दिसतं, तंग असेल तर अख्खा कुर्ता वर चढतो. बाजूचा कट कमरेपर्यंत गेला असेल तर मांडी घालताच कळतं.

कापडाचं गणित तर फारच सोपं आहे. कोरड्या कापसाचा धागा नेहमीच्या हवेत आपल्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के ओलावा धरतो. पॉलिस्टर अर्धा टक्काही धरत नाही. घाम कापडाने शोषला नाही की तो अंगावरच साचतो, कपडा चिकटतो, आणि चिकटलेल्या कपड्यातून अंगाचा आकार दिसतो. अंग झाकण्यासाठी घेतलेलं जाड सिंथेटिक कापड अशा वेळी पातळ सुतापेक्षा जास्त उघडं पाडतं. गंमत अशी, की हा कापसाचा मुलूख. इंग्रजांनी १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड घेतला, अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या वेळी इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, अकोला-अमरावती-खामगावच्या बाजारपेठा त्यावर उभ्या राहिल्या. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने कापसाचे वाण दिले. नांदगाव पेठेच्या वस्त्रोद्योग पार्काचं भूमिपूजन सप्टेंबर २०२४ मध्ये झालं. आणि तरी अमरावतीच्या बिझीलँड-सिटीलँड या कापडबाजारांच्या गाळ्यांत ‘कॉटन’ म्हणून हाती येतं त्यात पॉलिस्टर किती, हे दुकानदारालाच ठाऊक. शिवणीतून एक धागा काढून काडीने जाळून पाहावा: कागद जळल्याचा वास आणि भुरभुरीत राख म्हणजे सूत, वितळून कडक मणी झाला की पॉलिस्टर. फिक्या रंगाचं मलमल मात्र ट्यूबलाइटसमोर धरल्याशिवाय घेऊ नये. आरपार दिसत असेल तर सुती अस्तर लावा. नायलॉनचं अस्तर लावलं तर वरचं सूत वाया गेलं.

साडी की कुर्ता, हा वाद मला फुकाचा वाटतो. सुती काठपदराची साडी वऱ्हाडात कुठल्याही मंडळीत शोभते, आणि जिला तिची सवय आहे तिच्यासाठी तिच्यासारखं सुटसुटीत वस्त्र नाही. पण जी मुलगी वर्षातून दोनदा साडी नेसते, तिला नाताळाला साडीची सक्ती करणं म्हणजे तिचा अख्खा वेळ निऱ्या सांभाळण्यात घालवणं. तिच्यासाठी गुडघ्याखाली येणारा, पाऊण बाहीचा, बोटनेकचा कुर्ता आणि सैल सलवार किंवा पलाझो पुरे. लेगिंगवर आखूड कुर्ता घातला की दर वेळी उठताना तो ओढून खाली करावा लागतो. जे ओढावं लागतं ते विसरता येत नाही. बाही कोपरापर्यंत आली तर दुपारी घरी परतताना उन्हापासून हातही वाचतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो घरातल्या मोठ्या बायकांचा: देवाच्या घरी जाताना चांगल्यातलं चांगलं घालू नये तर केव्हा घालावं? मुद्दा खरा आहे, आणि गरिबाच्या तोंडी तो फारच खरा आहे. आठवडाभर शेतात निंदण करणारी बाई रविवारी ठेवणीतलं पातळ काढते, त्यात तिचा मान असतो. तो काढून घ्यायचा अधिकार कुणालाच नाही. पण ‘चांगलं’ याचा अर्थ धुतलेलं, इस्त्रीचं, न उसवलेलं असाही होतो. ईस्टरला कोणी किती जरीची साडी नेसली याची गणती सुरू झाली, की पुढच्या वर्षी तीच बाई यायला कचरते. लग्नकार्याला भारी साडी नेसावी, खुशाल नेसावी. साप्ताहिक उपासनेला तिची गरज नाही.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा. सोयच बघायची तर मग बिनबाह्यांचं, शॉर्ट्स, काहीही चालेल की! देवळांनीही आता फलक लावले आहेत; २०२३ मध्ये नागपूरच्या काही मंदिरांनी वेशसंहिता आणली, २०२५ च्या सुरुवातीला सिद्धिविनायक न्यासाने. मग चर्चने का लावू नये? फलकाची अडचण अशी की तो ‘काय नको’ एवढंच सांगतो आणि दारावर एक पहारेकरी उभा करतो. पहिल्यांदाच आत येऊ पाहणारी मुलगी फलक वाचून परत गेली, तर चर्चने काय कमावलं? आणि शॉर्ट्सचं म्हणाल, तर सतरंजीवर मांडी घालायची आणि शेजारी आजी बसलेली, एवढ्या दोन गोष्टींनी तो प्रश्न न भांडता सुटतो. सोय घालणारीची एकटीची नसते, रांगेतल्या सगळ्यांची असते. बिनबाह्यांच्या कुर्त्यावर ओढणी घेऊन आलेल्या मुलीला मात्र अडवू नये, असं मला वाटतं. कोपऱ्यात घेऊन समज देण्यापेक्षा शेजारी सरकून तिला जागा करून द्यावी.

तिसरा आक्षेप तरुण मुलींचा, आणि त्याला माझ्याकडे प्रतिवाद नाही. हे सगळं बायकांनाच का? तीमथ्याच्या त्याच अध्यायात, पोशाखाच्या ओळींच्या लगेच आधी, पुरुषांना सूचना आहे: राग आणि वाद सोडून पवित्र हात वर करून प्रार्थना करा. उपदेशात बायकांच्या ओळी दरसाल ऐकू येतात, ही क्वचितच. पंचमंडळाच्या बैठकीतले आवाज कितीकदा दाराबाहेर येतात, हे ज्यांना माहीत आहे त्यांना यातला विनोद कळेल. बटणं ताणलेला शर्ट आणि खाली घसरणारी जीन्स घालून पहिल्या बाकावर वाकणारा मुलगाही मागच्या रांगेला काहीतरी दाखवतच असतो.

वर्षाचं दुसरं टोक नाताळ. मध्यरात्रीच्या मिस्साला वऱ्हाडात थंडी चांगलीच झोंबते, आणि तेव्हा नेमक्या सगळ्या नेटच्या बाह्या बाहेर पडतात. शाल घरी राहते, कारण तिने साडीचा काठ झाकला जातो. सुती कुर्त्यावर किंवा साडीवर एक लोकरी शाल असेल तर पुढचे दोन तास दात वाजत नाहीत. आणि शिंप्याकडे कापड टाकताना एक गोष्ट जरूर सांगावी, जी वऱ्हाडातले बरेच शिंपी विचारल्याशिवाय करत नाहीत: उजव्या शिवणीत खोल खिसा. अर्पणाची नोट, रुमाल आणि आवाज बंद केलेला मोबाइल त्यात मावतो, पर्स बाकाखाली ठेवून दर गाण्याला ती आहे ना म्हणून वाकून पाहावं लागत नाही, आणि गीतपुस्तक धरायला दोन्ही हात मोकळे राहतात.