धरणातली ‘आवक’ कुठून मोजतात?

पावसाळ्यात बातमी येते, ‘कोयनेत २५ हजार क्युसेक आवक सुरू.’ आवक म्हणजे धरणात येणारे पाणी, हाच इन्फ्लो. हा आकडा कसा निघतो, ते क्रमाने पाहू.

आधी क्युसेक. सेकंदाला एक घनफूट, म्हणजे साधारण २८.३ लिटर पाणी. हा प्रवाह झाला. साठा टीएमसीत सांगतात. एक टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट. ११,५७४ क्युसेकची आवक २४ तास टिकली, की एक टीएमसी पाणी येते.

आता खरी गंमत: आवक थेट मोजत नाहीत. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात दोन्ही काठांवरून असंख्य ओढे उतरतात, पाऊसही थेट पाण्यावर पडतो. मोजणार कुठे कुठे? म्हणून हिशेब मागून मांडतात.

धरणावरच्या मोजपट्टीवर पाण्याची पातळी वाचतात. कोणत्या पातळीला किती साठा, याचा तक्ता तयार असतो. त्यावरून मागच्या नोंदीपेक्षा साठा किती वाढला ते कळते. समजा, तासाभरात ०.०९ टीएमसी वाढला. म्हणजे ९ कोटी घनफूट. भागिले ३,६०० सेकंद, झाले २५,००० क्युसेक.

पण इथे थांबलो तर चुकलो. त्याच तासात बाहेर गेलेले पाणी यात मिळवावे लागते. पायथा वीजगृहातून २,१०० क्युसेक जात असतील, तर आवक २७,१०० झाली. कोयनेचे पाणी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे, वाशिष्ठीच्या खोऱ्यातही जाते. तेही धरायला हवे. दरवाजे उघडे असताना पातळी जागची हलत नाही, तेव्हा ‘आवक थांबली’ असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात येणारे आणि जाणारे पाणी सारखे झालेले असते.

सोसाट्याचा वारा असला की जलाशयाचे पाणी एका बाजूला रेटले जाते आणि पट्टीवरची नोंद फसवते. त्यामुळे एखाद्या तासाचा आकडा अचानक उडाला, तर पुढच्या दोन-तीन नोंदी पाहाव्यात. पाऊस उघडला तरी आवक लगेच थांबत नाही. डोंगरात मुरलेले पाणी उतरतच राहते.

सर्वांत धोक्याची गल्लत आवक आणि विसर्ग यांची. विसर्ग म्हणजे धरणातून सोडलेले पाणी. नदीकाठी राहणाऱ्यांनी पाहायचा तो विसर्गच, आणि जोडीला आपल्या पुलाजवळची पातळी. कोयना कराडला कृष्णेला मिळते आणि ते पाणी पुढे सांगलीला जाते. तिथे आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आहे, धोका पातळी ४५ फूट.