रॉड वाजतो तेव्हा

भीमेकाठच्या अफजलपूर तालुक्यात ऊस आणि तुरीच्या शिवारातून जाताना एखाद्या घराच्या पडवीत ताडपत्रीखाली झाकलेली जुनी फियाट किंवा जीप दिसली, तर कुणाला नवल वाटत नाही. वडिलांनी किंवा आजोबांनी घेतलेली गाडी विकायला मन होत नाही. मग एखाद्या दसऱ्याला नवी बॅटरी बसते, टाकी धुतली जाते आणि इंजिन सुरू होते. थोडा वेळ बरे वाटते. मग इंजिनच्या तळातून ठक्‌ठक्‌ ऐकू येऊ लागते. अ‍ॅक्सिलरेटर वाढवून सोडला की जास्तच. जाणता मेकॅनिक एकेका प्लगची वायर काढून कान देतो. ज्या सिलिंडरची वायर काढल्यावर आवाज मऊ पडतो, तिथे बोट ठेवून तो सांगतो, “याचा रॉड वाजतोय.”

हा रॉड म्हणजे कनेक्टिंग रॉड. वरचे टोक गजन पिनने पिस्टनला जोडलेले, खालचे मोठे टोक क्रँकवर बसवलेले. पिस्टनची वरखाली चाल क्रँकच्या फिरण्यात बदलायची, एवढेच त्याचे काम. पण ते किती जड असते, ते आकड्यांनी कळते. फियाटच्या, म्हणजे प्रीमियर पद्मिनीच्या, 1089 सीसी इंजिनात 68 मिलिमीटरचा बोअर आणि 75 मिलिमीटरचा स्ट्रोक असतो. मिनिटाला 4000 फेरे असताना प्रत्येक पिस्टन सेकंदाला सुमारे 133 वेळा थांबून उलट फिरतो. पिस्टनचे वजन अर्धा किलो धरले, तर वरच्या टोकाला त्याला मागे खेचताना रॉडवर चारशे किलोंच्या वर ओढ येते. चाळीस-पन्नास वर्षांच्या पोलादाने असे कोट्यवधी हिसके सोसलेले असतात.

म्हणून रॉड तुटतो तेव्हा एकटा जात नाही. तो ब्लॉकला भगदाड पाडून बाहेर येतो, आणि मग जुन्या गाडीचे इंजिनच संपते. ठक्‌ठक्‌ ऐकूनही “अजून चालतंय” म्हणत अक्कलकोटपर्यंत गाडी नेणारा माणूस काही हजार वाचवायला जातो आणि इंजिन गमावतो.

रॉड मिळवायचा कुठून, हा पुढचा प्रश्न. फियाटवाल्यांना पूर्वी तो सोपा होता. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली पद्मिनी पुढे मुंबईची टॅक्सी झाली. हजारो टॅक्सी रोज धावत होत्या, म्हणून त्यांचे सुटे भागही बाजारात हलत होते. शेवटची नोंदणी झालेली पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये वीस वर्षांची मर्यादा संपून रस्त्यावरून उतरली. ज्या गाडीने कुर्ला आणि ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टवाल्यांना रोजचे गिऱ्हाईक दिले, तीच थांबली. आता जुना न वापरलेला संच एखाद्या दुकानाच्या माळ्यावर ग्रीसच्या कागदात गुंडाळलेला सापडला, तर तो हातचा जाऊ देऊ नये.

अ‍ॅम्बॅसिडरची गोष्ट थोडी वेगळी. तिचे 1489 सीसीचे पेट्रोल इंजिन मूळ ब्रिटिश बीएमसी घराण्यातले. त्याच कुळातले इंजिन एमजीच्या गाड्यांतही होते, त्यामुळे परदेशातल्या एमजीवेड्यांसाठी होणाऱ्या मालाकडेही डोळा ठेवता येतो. पण कूळ एक म्हणून रॉड एक, असे समजू नये. या इंजिनाच्या जुन्या रॉडचे मोठे टोक तिरके कापलेले असते आणि गजन पिन वरच्या टोकात बोल्टने आवळलेली असते. नंतरच्या मालात दोन्ही गोष्टी बदलल्या. नमुना हातात धरून मापे घेतल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

दुसऱ्या महायुद्धापूर्वीची गाडी असेल तर काम आणखी नाजूक. जनरल मोटर्सने 1928 मध्ये मुंबईत शिवडीला कारखाना काढला आणि तिथे जोडलेल्या शेव्हरोले देशभर गेल्या. त्या काळच्या शेव्हरोलेत आजच्यासारखे सुटे बेअरिंग नसते; व्हाइट मेटल थेट रॉडमध्ये ओतलेले असते. कथील, अँटिमनी आणि तांब्याचा हा मऊ धातू आयझॅक बॅबिट यांनी 1839 मध्ये दिला. रॉड तापवून, कल्हई करून, त्यात वितळलेला धातू ओतायचा आणि मग बोअर करायचा. आमच्या भागात हे ज्ञान जुनेच आहे, कारण गुऱ्हाळाची आणि विहिरीवरची ऑइल इंजिने व्हाइट मेटलच्या बेअरिंगवरच चालत. ती बनवणाऱ्यांपैकी साताऱ्याची कूपर कंपनी 1922 ची, तर पुण्याची किर्लोस्कर ऑइल इंजिन्स 1946 ची. अशा इंजिनांवर हात बसलेल्या लेथवाल्याला जुन्या शेव्हरोलेचा रॉड दाखवला तर तो घाबरत नाही.

नवा रॉड मिळत नसेल तर जुनाच दुरुस्त करणे हा बहुतेक वेळा चांगला मार्ग ठरतो. मूळ रॉड घडवलेल्या पोलादाचा असतो. बाजारात “नवीन” म्हणून मिळणारा ओतीव नकली माल त्याची बरोबरी करत नाही. ओळखायची खूण सोपी: घडवलेल्या रॉडच्या कडेने साच्याची शिवण रुंद आणि घासलेली असते, ओतलेल्याची बारीक रेघेसारखी.

पहिली परीक्षा तड्यांची. मोठ्या शहरात रॉडला चुंबकत्व देऊन त्यावर लोखंडाची बारीक पूड टाकतात. तडा असेल तिथे पूड रेघ धरते. तालुक्याच्या ठिकाणी रॉकेल आणि खडू पुरतात. स्वच्छ रॉड काही वेळ रॉकेलमध्ये बुडवायचा, कोरड्या फडक्याने पुसायचा आणि खडूची पांढरी पूड चोळायची. तड्यात लपलेले रॉकेल हळूहळू बाहेर येते आणि पांढऱ्यावर काळपट ओली रेघ उमटते. बोल्टच्या भोकाजवळ किंवा बारीक होत जाणाऱ्या मानेशी अशी रेघ दिसली की तो रॉड बाजूला ठेवायचा. वेल्डिंगचा विचारही करू नये. मोठ्या टोकाभोवती निळसर झाक असेल तर तो तेलाविना तापला होता हे समजावे आणि घेऊच नये.

तडा नसेल, तर वाकडेपणा आणि पीळ तपासतात. मग येते मोठ्या टोकाचे बोअर. ते लंबगोल झालेले असते. रॉड आणि कॅप (मोठ्या टोकाचा बोल्टने आवळलेला सुटा अर्धा भाग) यांची एकमेकांना भिडणारी तोंडे काही शतांश मिलिमीटर घासायची, बोल्ट ठरलेल्या ताणाने आवळायचे आणि होनिंग करून भोक पुन्हा मूळ मापात आणायचे. वरच्या टोकात बुश असेल तर नवा कांस्याचा बुश दाबून रीमरने फिट करतात. क्रँक ग्राइंड करून घेतला असेल तर दहा, वीस किंवा तीस थाऊ (इंचाचा हजारावा भाग) अंडरसाइजचे बेअरिंग लागते. ते बाजारात आहे का, हे ग्राइंडिंगच्या आधी बघावे. मेकॅनिकांचा जुना हिशेब असा: क्रँकच्या जर्नलच्या व्यासाच्या दर इंचाला एक थाऊ ढिलाई.

इथे एक चूक फार महाग पडते. कॅप आणि रॉड कारखान्यात एकत्र बोअर केलेले असतात आणि त्यावर सिलिंडरचा आकडा ठोकलेला असतो. दोन नंबरचा रॉड आणि तीन नंबरची कॅप एकत्र बसवली तर भोक गोल राहत नाही, क्रँक अडतो आणि बेअरिंग जळते. एक रॉड बदलायचा असेल, तर वजनही जुळवावे लागते; चौघांमध्ये दोन-चार ग्रॅमपेक्षा फरक नको. बोल्ट मात्र दरवेळी नवे. एकदा ताणलेल्या बोल्टवर पुन्हा भरवसा ठेवू नये.

नव्याने घडवून घेणे शक्य आहे, पण ते कुणाला परवडते हा प्रश्नच आहे. पुण्याची भारत फोर्ज 1961 पासूनची. क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉड घडवण्याच्या मोठ्या कामासाठी ओळखली जाते. तिथल्या डायचा खर्च मोठ्या संख्येवर निघतो. चार रॉडसाठी डाय कुणी करत नाही. म्हणून मूठभर इंजिनांसाठी इएन24 पोलादाच्या सलग ठोकळ्यातून सीएनसीवर रॉड कोरतात. त्यासाठी जुना रॉड नमुना म्हणून लागतोच. दोन भोकांमधले अंतर, रुंदी, ऑफसेट सगळे त्याच्यावरून घ्यावे लागते.

इंजिनच बदलून टाकावे का, असा सल्ला गॅरेजमध्ये सहज मिळतो. तो मानायच्या आधी 2021 चा केंद्राचा नियम पाहावा. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेल्या मूळ स्वरूपातल्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा विशेष क्रमांक मिळतो. नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला चालत नाही. डिझेल इंजिन टाकलेली फियाट रस्त्यावर धावेल, पण तिची जुनी ओळख तिथेच संपते.

म्हणून गॅरेजमधून गाडी परत आणताना बदललेले रॉड मागून घ्यावेत. तेलात भिजवलेल्या फडक्यात गुंडाळावेत, प्रत्येकावर त्याचीच कॅप आवळलेली असावी, आणि डब्यावर गाडीचे नाव, इंजिन क्रमांक व क्रँकचे माप लिहून ठेवावे. पुढच्या वेळी नवा रॉड कोरायची पाळी आली, तर लेथवाला आधी तोच डबा मागेल.