सिस्टर फादर का होत नाहीत?

ठाणे, कल्याण-डोंबिवलीत आपल्या कितीतरी मुली कॉन्व्हेंटमध्ये शिकतात. तिथे बऱ्याचदा प्रिन्सिपल सिस्टर, हिशेबही सिस्टरच बघतात. मग एखादी घरी येऊन विचारते, "अम्मी, सिस्टर फादर का होत नाहीत?"

ठाण्याची चर्चेस मुंबईच्या आर्चडायोसिसमध्ये येतात. कल्याणला १९८८ पासून केरळी सिरो-मलबार धर्मप्रांतही आहे. नियम दोन्हीकडे एकच: गुरुदीक्षा फक्त पुरुषाला. कारण सांगतात, हजरत ईसांचे बारा प्रेषित पुरुष होते. बदल मागणारे विचारतात, पुनरुत्थानाची पहिली खबर मरिया माग्दालियाने दिली, त्याचं काय?

१९९४ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी विषय कायमचा मिटवला. २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी वाचक आणि वेदीसेवक ही पदं बायकांना दिली. मिस्सा आणि पापकबुली मात्र फादरकडेच.

यावर आपण हसायला नको. आपल्याकडे पाद्रीपद नाही, तरी हाजी अलीच्या मजारीपाशी जायला बायकांना हायकोर्ट गाठावं लागलं. निकाल २०१६ चा. मुलीचा पुढचा सवाल ठरलेला आहे: आपल्या मोहल्ल्याच्या मशिदीत अम्मीसाठी वजूखाना कुठे आहे?