मॅकियाटो मागवण्याआधी हे वाचा

नाशिककरांनो, कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या कॅफेंत बसणाऱ्या सगळ्यांसाठी ही पोस्ट. मेन्यूकार्डावरची नावं इटालियन असली, तरी कपात येतं ते बरेचदा अमेरिकन वळणाचं.

सगळ्यात मोठा फरक मॅकियाटोत. इटलीत तो म्हणजे एस्प्रेसोवर चमचाभर दुधाचा फेस; दोन-तीन घोटांत संपतो. स्टारबक्सने १९९६ मध्ये आणलेला कॅरमल मॅकियाटो म्हणजे ग्लासभर दूध, व्हॅनिला सिरप, वरून एस्प्रेसो आणि कॅरमल. नाव एक, पेयं पूर्ण वेगळी!

मूळ एस्प्रेसोचं गणित असं: साधारण ७ ग्रॅम पूड, ९ बार दाब, २५ सेकंद, आणि हाती येते जेमतेम २५ मिली कॉफी. तीत गरम पाणी घातलं की अमेरिकानो. अमेरिकेत घरोघरी पितात ती ड्रिप कॉफी मात्र निराळीच. ती गाळणीतून दाबाविना उतरते, पातळ असते आणि मगभर पितात. इटलीत कॅपुचिनो सहसा सकाळीच, जेवणानंतर एस्प्रेसो.

माझी पसंती इटालियन मॅकियाटोला, कारण दूध असूनही कॉफीची चव शाबूत राहते. तसाच हवा असेल तर ऑर्डर देताना स्पष्ट सांगा: "एस्प्रेसो, वर फक्त थोडा फेस, सिरप नको."