काउंटर-स्ट्राइक कोणाचा?

होस्टेलवर आपण रात्र-रात्र जागवून खेळतो तो काउंटर-स्ट्राइक मुळात कंपनीने बनवलाच नव्हता! ‘हाफ-लाइफ’मध्ये फेरफार करायची साधनं व्हॉल्व्हने खेळाडूंना दिली, त्यातून १९९९ साली दोन चाहत्यांनी तो घडवला. खेळायला मूळ हाफ-लाइफ लागायचाच, म्हणजे फायदा कंपनीचाच. २००० साली तिने हक्क विकत घेतले, दोघांना कामावरही घेतलं.

याउलट २०१६ साली चाहत्यांनी फुकट वाटलेला ‘मेट्रॉइड २’चा नवा अवतार निन्टेन्डोने काही दिवसांतच डाउनलोडवरून काढायला लावला. कायद्याने हक्क कंपनीचाच, मान्य. पण मला वाटतं, ‘फुकट वाटा, विकायचं तर विचारा’ हे कंपन्यांनी आधीच लिहून द्यावं. वर्षानुवर्षांच्या मेहनतीवर शेवटी पाणी तरी पडणार नाही!