‘डिसऑनेस्ट’ : बोलण्यांत आणि कायद्यांत

‘डिसऑनेस्ट’ या इंग्रजी शब्दास मराठींत प्रतिशब्दांची वानवा नाहीं. अप्रामाणिक, बेइमान, लबाड, खोटा असे कितीतरी शब्द प्रसंगानुरूप योजतां येतात. परंतु त्यांचीं मुळें निराळीं आहेत. ‘ऑनेस्ट’चें मूळ सन्मान या अर्थाच्या लॅटिन शब्दांत आहे, ‘बेइमान’मध्यें अरबी ‘इमान’ म्हणजे श्रद्धा आहे, ‘अप्रामाणिक’मध्यें संस्कृत ‘प्रमाण’ आहे.

नित्याच्या बोलण्यांत कोणत्याहि खोटें बोलणाऱ्यास हा शब्द लावितात. कायद्यानें मात्र त्याचा अर्थ आंखून दिला आहे. 1860च्या भारतीय दंडसंहितेच्या 24व्या कलमांत ‘डिसऑनेस्टली’ची व्याख्या होती. 1 जुलै 2024 पासून अंमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या दुसऱ्या कलमांत तोच आशय कायम आहे. एकास गैर लाभ किंवा दुसऱ्याची गैर हानि व्हावी या उद्देशानें केलेलें कृत्य तें अप्रामाणिक. गैर लाभ म्हणजे ज्या मालमत्तेवर कायदेशीर हक्क नाहीं ती बेकायदा मार्गानें मिळविणें.

म्हणून येथें हेतु आणि मालमत्ता या दोन गोष्टी पाहावयाच्या. वसईच्या बाजारांत एखाद्यानें खरोखर आपलीच समजून दुसऱ्याची छत्री उचलली, तर ती चोरी नव्हे. तीच छत्री बक्षीस उकळीपर्यंत दडवून ठेवण्याच्या बुद्धीनें उचलली, तर चोरी झाली. आपण तरुणपणीं नामांकित पहिलवान होतों अशी नुसती थाप मारणारा खोटारडा खरा. पण कोणाची मालमत्ता त्यांत गुंतलेली नसल्यानें कायद्याच्या अर्थीं तो डिसऑनेस्ट ठरत नाहीं.

घर घेणाऱ्यास हा भेद विशेष उपयोगी आहे. पैसा अपुरा पडून ज्याचें बांधकाम रखडलें, त्यानें करार मोडला असेल. तेवढ्यानें ती फसवणूक होत नाहीं. फसविण्याचा हेतु वचन देतांनाच असावा लागतो, असें सर्वोच्च न्यायालयानें वेळोवेळीं सांगितलें आहे. कागद खोटे आहेत हें जाणून घर विकणाऱ्याचा हेतु मात्र पहिल्या रुपयापासूनच दूषित असतो.

नालासोपारा पूर्वेस सार्वजनिक कामासाठीं राखीव जमिनीवर उभ्या असलेल्या 41 अनधिकृत इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशानें 2024च्या अखेरीस व 2025च्या आरंभीं पाडण्यांत आल्या. शेंकडों कुटुंबांस आयुष्याची पुंजी घालून घेतलेलीं घरें सोडावीं लागलीं.

अशा वेळीं विकणारा व मध्यस्थ ‘आम्हांस ठाऊक नव्हतें’ असें म्हणूं शकतात. त्यासाठीं कायद्यांतील ‘गुड फेथ’ म्हणजे सद्भाव या शब्दाची व्याख्या ध्यानांत ठेवावी : योग्य दक्षता व काळजी न घेतां केलेली गोष्ट सद्भावानें केली असें मानतां येत नाहीं. आपल्या ‘प्रामाणिक’ शब्दांतील ‘प्रमाण’हि हेंच सुचवितें. तेव्हां बयाणा देण्यापूर्वीं सातबाऱ्याचा उतारा व बांधकामाची मंजुरी मागावी, आणि ती महानगरपालिकेंत जाऊन ताडून पाहावी. कागद दाखविण्यास जो टाळाटाळ करील, त्याच्या गोड शब्दावर पैसे देऊं नयेत.